सांगलीत बसून दूरच्या क्वेसारांची सूची कशी करावी

जून ते सप्टेंबर या काळात सांगलीच्या आकाशात तारे क्वचितच दिसतात आणि पाऊस उघडला तरी कृष्णाकाठची दमट हवा क्षितिज धूसर ठेवते. निरीक्षणाची आवड असलेल्या विद्यार्थ्यांचे हे महिने वाया जाऊ नयेत म्हणून आमच्या महाविद्यालयात आम्ही पावसाळ्यात एक काम हाती घेतो. एखाद्या मोठ्या वर्णपट सर्वेक्षणाने सर्वांसाठी खुले केलेले वर्णपट वाचायचे आणि आकाशाच्या एका लहान पट्ट्यातील क्वेसारांची सूची स्वतः तयार करायची, असे त्याचे स्वरूप आहे. या कामाला दुर्बीण लागत नाही. एक साधा संगणक, बऱ्यापैकी इंटरनेट, प्रिंटर, फूटपट्टी आणि आठवड्यातून दोन संध्याकाळी नेमाने बसण्याची तयारी एवढे पुरते. पदवीच्या तिसऱ्या वर्षातील विद्यार्थ्यांना किंवा हौशी मंडळांना हे काम करता यावे म्हणून त्याची पद्धत येथे सविस्तर देत आहे.

छायाचित्रात क्वेसार ताऱ्यासारखाच दिसतो. ३सी २७३ या रेडिओ स्रोताचा वर्णपट तपासताना १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांच्या लक्षात आले की त्यातील अनोळखी वाटणाऱ्या रेषा हायड्रोजनच्याच आहेत आणि त्या तांबड्या बाजूला सुमारे १६ टक्के सरकलेल्या आहेत. तेराव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजस्वीपणाचे माप, आकडा जितका लहान तितकी ज्योत तेजस्वी) आसपासचा हा ‘तारा’ प्रत्यक्षात दोनशे कोटी प्रकाशवर्षांपेक्षाही दूर असलेल्या दीर्घिकेचे केंद्र निघाला. तेथील प्रचंड वस्तुमानाच्या कृष्णविवरात पडणारे द्रव्य तापून हा प्रकाश देत असते. तरंगलांबीतील या सरकण्याला ताम्रसृती म्हणतात. मोजलेल्या तरंगलांबीला मूळ तरंगलांबीने भागून त्यातून १ वजा केला की ताम्रसृती मिळते. सूचीचे सारे काम या एका भागाकारावर उभे आहे, आणि त्यातील अवघड भाग म्हणजे दिसणारी रेषा मूळची कोणती, हे ओळखणे.

सर्वेक्षणाची निवड करताना स्लोन डिजिटल स्काय सर्व्हेपासून सुरुवात करावी, असे माझे मत आहे. न्यू मेक्सिकोतील अपाचे पॉइंट वेधशाळेच्या २.५ मीटर दुर्बिणीने हे वर्णपट घेतलेले आहेत. ॲल्युमिनियमच्या तबकडीवर प्रत्येक ज्योतीच्या जागी छिद्र पाडून त्यात प्रकाश वाहून नेणारे फायबर हाताने बसवले जात. सुरुवातीला एका तबकडीवर ६४० फायबर असत, पुढे बॉस या टप्प्यात ते १००० झाले. त्यामुळे प्रत्येक वर्णपटाची ओळख तबकडीचा क्रमांक, निरीक्षणाचा सुधारित ज्युलियन दिनांक (दिवसांची सलग मोजणी) आणि फायबरचा क्रमांक अशा तीन आकड्यांनी होते. बॉसच्या वर्णपटाचा पल्ला साधारण ३६०० ते १०४०० अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) असा आहे. अधिक मोठे आणि नवे सर्वेक्षण डेसीचे. किट पीकवरील ४ मीटर दुर्बिणीवर ५००० फायबर यंत्राने जागच्या जागी हलवून ते चालते. मात्र स्लोनच्या वर्णपटांची रचना साधी आहे आणि उत्तरपत्रिका म्हणून वापरता येईल अशी सूचीही त्यासाठी उपलब्ध आहे. नवशिक्यांना त्याचा मोठा आधार होतो.

आकाशाचा पट्टा लहान घ्यावा. आम्ही स्ट्राइप ८२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, खगोलीय विषुववृत्ताला लागून असलेल्या अडीच अंश रुंदीच्या पट्ट्यातील विषुवांश (आकाशातील रेखांश) ० ते ५ अंश आणि क्रांती (आकाशातील अक्षांश) उणे १.२५ ते अधिक १.२५ अंश एवढा तुकडा निवडतो. त्याचे क्षेत्रफळ साडेबारा चौरस अंश भरते आणि त्यातील वर्णपट एका तुकडीला एका सत्रात पुरून उरतात, म्हणून पहिल्या वर्षी एक अंशच घेणे शहाणपणाचे. हा पट्टा निवडण्यामागे आणखी एक कारण आहे. सांगलीचे अक्षांश सुमारे १७ अंश उत्तर असल्यामुळे विषुववृत्तावरील ज्योती आपल्याकडे मध्यमंडल ओलांडताना क्षितिजापासून जवळजवळ ७३ अंश उंचीवर असतात. नोव्हेंबरच्या संध्याकाळी गच्चीवर उभे राहून, मीन राशीच्या त्या भागाकडे बोट दाखवून, “पावसाळ्यात आपण मोजले ते येथे आहेत” असे विद्यार्थ्यांना सांगता येते. संगणकावरील आकड्यांना आकाशात जागा मिळाली की त्यांची कामातली काळजी वाढते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

वर्णपट उतरवून घेण्यापूर्वी ‘क्वेसार’ कोणाला म्हणायचे हे लिहून ठेवावे. ही पायरी गाळली तर महिन्याभरात प्रत्येक जण आपापली व्याख्या वापरू लागतो. स्लोनच्या आधीच्या सूचींमध्ये निदान एक उत्सर्जन रेषा, तिची रुंदी वेगाच्या रूपात मांडली तर, सेकंदाला १००० किलोमीटरपेक्षा रुंद असावी आणि ज्योतीची निरपेक्ष प्रत (ठराविक अंतरावरून दिसेल ती प्रत) उणे २२ पेक्षा तेजस्वी असावी, अशी अट होती. आम्ही रेषेच्या रुंदीची अट ठेवतो आणि तेजाची अट सूचीच्या शेवटी वेगळ्या रकान्यात तपासतो, कारण ताम्रसृती ठरल्याशिवाय निरपेक्ष प्रत काढताच येत नाही.

सर्वेक्षणाने या ज्योती कशा निवडल्या, हेही समजून घेतले पाहिजे. ताम्रसृती सुमारे २.२ पर्यंत असलेले क्वेसार जंबुपार प्रकाशात ताऱ्यांपेक्षा ठळक दिसतात, त्यामुळे यू (जंबुपार) आणि जी (हिरवा) या फिल्टरांतील प्रतींचा फरक कमी भरतो. ताम्रसृती २.७ च्या आसपास आली की त्यांचे रंग साध्या ताऱ्यांच्या रंगांत मिसळतात आणि निवडीत गळती होते. त्याही पलीकडे हायड्रोजनची लायमन अल्फा ही जंबुपार रेषा तांबड्या बाजूला सरकत एकेक फिल्टर ओलांडत जाते आणि ताम्रसृती ५.७ च्या पुढे गेलेला क्वेसार आय (तांबड्यापलीकडच्या) फिल्टरमधून जवळजवळ नाहीसा होतो. तेथे त्याची गल्लत आपल्याच आकाशगंगेतील थंड, तांबड्या बटुताऱ्यांशी होते. वाइज या उपग्रहाच्या अवरक्त मोजमापांचा येथे चांगला उपयोग होतो, कारण ३.४ आणि ४.६ मायक्रोमीटरवरील प्रतींचा फरक ०.८ किंवा अधिक असेल तर सक्रिय दीर्घिका असण्याचा संभव वाढतो. गाया उपग्रहाच्या सूचीत ज्या ज्योतीला स्पष्ट स्वगती (आकाशातील स्वतःची हालचाल) किंवा पराशय (पृथ्वी फिरल्यामुळे स्थानात दिसणारा बदल) दिसतो, ती ज्योती क्वेसार नाही असे बहुधा निःशंकपणे म्हणता येते. ही माहिती उमेदवारांच्या तक्त्यात आधीच जोडून ठेवावी. मात्र वर्णपट वाचताना तो रकाना झाकून ठेवावा, नाहीतर डोळा आधीच कौल देऊन बसतो.

उमेदवारांची यादी सर्वेक्षणाच्या संकेतस्थळावरील प्रश्नपेटीतून (माहितीसाठ्याला प्रश्न विचारण्याच्या चौकटीतून) मिळते. तेथे एक चूक हमखास होते. संगणकाने ‘क्यूएसओ’ असा शिक्का मारलेले वर्णपट तेवढे मागितले, तर संगणकाच्या चुकाही आपण जशाच्या तशा उचलतो. म्हणून क्वेसारांचे उमेदवार म्हणून निरीक्षण झालेले सर्व वर्णपट मागवावेत. त्यांत संगणकाने तारा किंवा दीर्घिका ठरवलेलेही आले पाहिजेत. प्रत्येकासोबत स्थान, पाच फिल्टरांतील प्रती, संगणकाने काढलेली ताम्रसृती आणि इशाऱ्याचा रकाना घ्यावा. हा इशारा शून्य नसेल तर संगणकाला स्वतःच्याच उत्तराची खात्री नाही, असे समजावे.

येथे आमच्याकडून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक आहे. प्रत्येक वर्णपटाला अठरा-एकोणीस अंकी ओळख क्रमांक असतो. आम्ही उतरवलेली यादी स्प्रेडशीटमध्ये उघडली, रांगा लावल्या आणि पुन्हा जतन केली. स्प्रेडशीट पंधराच सार्थ अंक सांभाळते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये भरते, हे कोणाच्याही ध्यानात आले नाही. वेगवेगळ्या ज्योतींचे क्रमांक एकसारखे झाले आणि आठवडाभराच्या नोंदी कोणत्या वर्णपटाच्या, हे सांगता येईना. शेवटी सारे पुन्हा करावे लागले. तेव्हापासून ओळख क्रमांकाचा रकाना आम्ही नेहमी मजकूर म्हणून उघडतो आणि तक्त्यांची जुळवणी टॉपकॅट (खगोलीय तक्त्यांची संगणक प्रणाली) किंवा पायथॉनमध्येच करतो. ज्योतीचे नाव तिच्या स्थानावरून लिहिताना आकडे जवळच्या पूर्णांकावर न्यायचे नसतात, ते नुसते छाटायचे असतात. हा संकेतही पहिल्याच दिवशी सांगून ठेवावा.

आता मुख्य काम, म्हणजे वर्णपट वाचणे. संगणकाच्या पडद्यावर रेषांच्या खुणा आपोआप उमटवणारी साधने आहेत, पण पहिले पन्नास वर्णपट कागदावर वाचावेत असा माझा आग्रह आहे. स्लोनच्या फाइलमध्ये तरंगलांबी लॉगरिदमच्या रूपात दिलेली असते आणि त्याचा एक सुंदर उपयोग आहे. लॉगरिदमच्या अक्षावर ताम्रसृती बदलली तरी दोन रेषांमधले अंतर बदलत नाही, सगळ्या रेषा एकत्र सरकतात. त्यामुळे पुठ्ठ्याची एक पट्टी करून ती वर्णपटावर सरकवता येते. वर्णपट आडव्या ए-४ कागदावर असा छापावा की अक्षावरील ०.१ एवढे अंतर बरोबर ५ सेंटीमीटर भरेल. मग ३६०० ते १०४०० अँगस्ट्रॉमचा सारा पल्ला २३ सेंटीमीटरमध्ये मावतो. पुठ्ठ्यावर डावीकडे लायमन अल्फाची म्हणजे १२१६ अँगस्ट्रॉमची खूण शून्यावर करावी. पुढच्या नावांतील आकडा अणूने किती इलेक्ट्रॉन गमावले ते सांगतो, कार्बन-४ म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेला कार्बन. तेथून कार्बन-४ ची १५४९ ची खूण ५.३ सेंटीमीटरवर, कार्बन-३ ची १९०९ ची ९.८ वर, मॅग्नेशियम-२ ची २७९९ ची १८.१ वर, ऑक्सिजन-२ ची ३७२९ ची २४.३ वर, हायड्रोजन बीटाची ४८६३ ची ३०.१ वर आणि ऑक्सिजन-३ ची ५००८ ची ३०.७ वर येते. या तरंगलांबी निर्वातातील आहेत, कारण स्लोनचे वर्णपट निर्वातातील तरंगलांबीतच दिलेले असतात. हवेतील आकडे वापरले तर बारीकशी पण नेमाने एकाच बाजूची चूक येत राहते. प्रिंटर पानावर बसवण्यासाठी चित्र गुपचूप लहान करतो, म्हणून छापल्यावर पाच सेंटीमीटरचे अंतर फूटपट्टीने एकदा मोजून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. समजा वर्णपटात ६४०० अँगस्ट्रॉमवर एक रुंद उत्सर्जन रेषा ठळक दिसते आणि बाकी सारे खडबडीत आहे. ही रेषा मॅग्नेशियम-२ ची असेल तर ताम्रसृती १.२९ येते, आणि मग कार्बन-३ ची रेषा ४३६५ वर व ऑक्सिजन-२ ची अरुंद रेषा ८५२६ च्या जवळ दिसायला हवी. ती कार्बन-३ ची असेल तर ताम्रसृती २.३५ आणि कार्बन-४ ची रेषा ५१९३ वर, लायमन अल्फा ४०७७ वर. ती कार्बन-४ ची मानली तर ताम्रसृती ३.१३ आणि लायमन अल्फा ५०२४ वर यावी. ती रेषाच लायमन अल्फा असेल तर ताम्रसृती ४.२६, कार्बन-४ ची रेषा ८१५२ च्या आसपास, आणि ६४०० च्या निळ्या बाजूचा प्रकाश एकदम खाली आलेला दिसला पाहिजे. एकच रेषा चार निरनिराळ्या ताम्रसृती सांगू शकते, आणि त्यांपैकी पहिल्या व शेवटच्या उत्तरात प्रकाशाच्या प्रवासकाळाचा फरक शेकडो कोटी वर्षांचा आहे. म्हणून आमच्या सूचीत एका रेषेवरून काढलेली ताम्रसृती कधीही ‘निश्चित’ म्हणून जात नाही. रेषा कितीही देखणी असली तरी नाही. दुसरी रेषा अपेक्षित जागी सापडली पाहिजे, किंवा ती का दिसत नाही याचे पटण्याजोगे कारण नोंदीत असले पाहिजे.

रेषांचा चेहराही ओळखायला शिकावे. लायमन अल्फाच्या निळ्या बाजूला वाटेतल्या हायड्रोजनच्या शोषण रेषांची दाटी असते आणि तांबड्या बाजूला नायट्रोजन-५ चा खांदा चिकटलेला असतो. कार्बन-३ ची रेषा निळ्या बाजूला पसरट असते, कारण तेथे ॲल्युमिनियम आणि सिलिकॉनच्या रेषा तिच्यात मिसळतात. मॅग्नेशियम-२ च्या दोन्ही बाजूंना लोहाच्या असंख्य रेषांचे उंचवटे दिसतात. काही क्वेसारांत कार्बन-४ च्या निळ्या बाजूला खोल, रुंद खड्डा असतो. तो कृष्णविवराजवळून बाहेर उसळणाऱ्या वायूचा असतो आणि असे वर्णपट संगणकाला हमखास चकवतात. याउलट ५५७७ अँगस्ट्रॉमवरचा काटा हा आपल्याच वातावरणातील ऑक्सिजनचा अवशेष असतो. ७००० च्या पुढे हायड्रॉक्सिलच्या रेषांची गर्दी असते, आणि ६००० च्या आसपास वर्णपटमापकाच्या निळ्या व तांबड्या भागांचा सांधा येतो. तेथे दिसणाऱ्या उंचवट्यावर सहज विश्वास टाकू नये. एक-दोन बिंदूंएवढाच रुंद काटा वैश्विक किरणाचा असतो. वर्णपट गुळगुळीत करून पाहायला हरकत नाही, परंतु मोजमाप नेहमी मूळ आकड्यांवर करावे.

पट्टीने मिळालेली ताम्रसृती ही पहिली अटकळ असते. ती नेमकी करताना कोणत्या रेषेवर भर द्यायचा हे ठरवावे लागते. कार्बन-४ ची रेषा पुष्कळदा क्वेसारच्या खऱ्या ताम्रसृतीपेक्षा निळ्या बाजूला सरकलेली असते. हे सरकणे सेकंदाला १००० किलोमीटर असेल तर ताम्रसृती २ असताना उत्तरात ०.०१ ची चूक शिरते. लायमन अल्फाचा निळा भाग शोषला गेल्यामुळे तिचे शिखर उलट तांबड्या बाजूला ढकलले जाते. शक्य असेल तेथे मॅग्नेशियम-२ किंवा ऑक्सिजनच्या अरुंद रेषा प्रमाण मानाव्यात आणि कोणती रेषा वापरली ते रकान्यात लिहावे.

प्रत्येक वर्णपट दोघांनी एकमेकांना न विचारता वाचावा. तासगावहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने या पद्धतीची तुलना बेदाण्याच्या निवडीशी केली होती. यंत्राच्या चाळणीतून माल आला तरी शेवटी बायका पट्ट्याशेजारी बसून हाताने निवडतातच, तसे हे काम आहे, असे तिचे म्हणणे होते आणि ते मला अगदी नेमके वाटले. दोघांची उत्तरे जुळली नाहीत तर तिसऱ्याने पाहावे. प्रत्येक नोंदीला विश्वासाची श्रेणी द्यावी. आम्ही ० ते ३ असे अंक वापरतो, ज्यात ३ म्हणजे दोन किंवा अधिक रेषा निःसंशय, २ म्हणजे एक रेषा निश्चित व दुसरी पुसट, १ म्हणजे अंदाज आणि ० म्हणजे काहीच ठरवता येत नाही. श्रेणी कमी पडली म्हणून विद्यार्थ्याला कमीपणा वाटू देऊ नये. शून्य श्रेणी लिहिण्याचे धैर्य ज्याच्याजवळ आहे, त्याच्या तीन श्रेणीवर मी डोळे मिटून विश्वास ठेवतो.

सूचीच्या रकान्यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. नाव, विषुवांश व क्रांती दशांश अंशांत, वर्णपटाचे तीन ओळख आकडे, ताम्रसृती, तिच्यासाठी वापरलेली रेषा, श्रेणी, वाचणाऱ्यांची आद्याक्षरे आणि शेरा एवढे असले की पुरे. एकाच ज्योतीचे दोन-तीनदा निरीक्षण झालेले असते, म्हणून एक विकला (अंशाचा ३६०० वा भाग) त्रिज्येत स्थाने जुळवून पुनरुक्ती काढावी, मात्र कमी प्रतीचा वर्णपट फेकून न देता त्याचा उल्लेख ठेवावा. माहितीची कोणती आवृत्ती कोणत्या तारखेला उतरवली, हे फाइलच्या माथ्यावर असले पाहिजे.

सूची पूर्ण झाल्यावर विद्यार्थी सर्वप्रथम ताम्रसृतीचा स्तंभालेख काढतात आणि त्यातील चढउतारांचे अर्थ लावू लागतात. तेथे त्यांना थांबवावे लागते. स्लोनच्या पहिल्या टप्प्यात साधारणपणे आय फिल्टरमध्ये १९.१ प्रतीपर्यंतचे आणि अधिक दूरचे असल्यास २०.२ पर्यंतचे उमेदवार घेतले गेले. बॉसने ताम्रसृती २.१५ च्या पुढच्या, २२ व्या प्रतीच्या आसपासपर्यंतच्या मंद क्वेसारांवर भर दिला, आणि त्यानंतरच्या ई-बॉसने ०.९ ते २.२ हा पट्टा घेतला. स्तंभालेखातील पायऱ्या पुष्कळदा या निर्णयांच्या असतात, विश्वाच्या नव्हेत. बॉसच्या तबकडीवर ६२ विकलांपेक्षा जवळचे दोन फायबर बसत नसल्यामुळे अगदी शेजारचे क्वेसारही गळतात. पलीकडच्या टोकालाही अशीच सीमा आहे. जे०३१३−१८०६ या क्वेसारची ताम्रसृती ७.६४ आहे, म्हणजे त्याची लायमन अल्फा रेषा १०५०० अँगस्ट्रॉमच्या पुढे जाते, बॉसच्या पल्ल्याच्या बाहेर. अशा ज्योतींसाठी अवरक्त वर्णपट लागतात आणि आपल्या सूचीत त्यांचे नसणे हा काही शोध नव्हे.

आता उत्तरपत्रिका उघडावी. स्लोनच्या सोळाव्या आवृत्तीच्या क्वेसार सूचीत ७,५०,४१४ क्वेसार आहेत आणि तिच्या कर्त्यांनीच तीत ०.३ ते १.३ टक्के भेसळ असू शकते असे नमूद केले आहे. त्याआधीच्या बाराव्या आवृत्तीतील २,९७,३०१ क्वेसार माणसांनी डोळ्यांखालून घातलेले होते. पुढे संख्या इतकी वाढली की बहुतेक काम संगणकावर सोपवावे लागले. आपली आणि त्यांची नोंद जेथे वेगळी असेल, तेथे आपण चुकलो असे गृहीत धरून सुरुवात करावी, कारण बहुतेक वेळा तसेच असते. पण वर्णपट पुन्हा पाहूनही आपले उत्तर बदलत नसेल तर ते खोडू नये, शेऱ्यात दोन्ही ताम्रसृती आणि दोन्हींची कारणे लिहावीत.

शून्य आणि एक श्रेणीच्या नोंदींची आम्ही वेगळी फाइल ठेवतो. नव्या तुकडीला पहिल्या दिवशी सोप्या वर्णपटांबरोबर तीच दिली जाते. डेसीची पहिली मोठी आवृत्ती मार्च २०२५ मध्ये खुली झाली असून तीत सोळा लाखांच्या घरात क्वेसार आहेत. मोठ्या दुर्बिणीने घेतलेले हे वर्णपट अधिक स्वच्छ असतात. त्यामुळे या जूनमध्ये पहिले काम म्हणजे आपल्या अनिर्णित स्थानांपैकी कोणती तेथे पुन्हा पाहिली गेली आहेत, ते शोधणे, नवा वर्णपट त्याच मापाने छापणे आणि जुन्या कागदाखाली ठेवून पट्टी पुन्हा सरकवणे.